बेळगाव सीमाभागातले रस्ते आणि वाहतूक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीमाभागातल्या जुन्या रस्त्यांवर मी लिहायला लागल्यापासून काही प्रश्न फिरून फिरून येतात. कुणाला शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती हवी असते, कुणी पुण्या-मुंबईत स्थायिक झालेला असतो आणि त्याला लहानपणीची एसटी आठवते, कुणाला शेताच्या बांधावरचा जुना दगड कशाचा हे जाणून घ्यायचं असतं. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी ठेवलं आहे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. बेळगावचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं. इथे मी आपण बोलतो तसंच बेळगाव लिहिलं आहे.

१. बेळगावातून निघणारे मूळ रस्ते कोणते?

पाच दिशा धरा. उत्तरेला काकती, संकेश्वर, निपाणीवरून कोल्हापूर आणि पुणे. आग्नेयेला हिरेबागेवाडी, कित्तूरवरून धारवाड-हुबळी आणि पुढे बेंगळुरू. पश्चिमेला हिंडलगा, शिनोळीवरून आंबोली आणि वेंगुर्ला. नैऋत्येला गोवा, त्याच्या दोन वाटा : एक खानापूर-अनमोडची, दुसरी जांबोटी-चोर्ल्याची. आणि पूर्वेला सांबरा, नेसरगी, यरगट्टीकडून बागलकोट.

गाव सह्याद्रीच्या पाठीवर, घाट संपून पठार सुरू होतं तिथे वसलं आहे. कोकणातून वर चढलेला माल इथे उतरायचा आणि देशावरून आलेला माल इथून खाली जायचा. रट्ट राजांच्या काळात वेणुग्राम म्हणून ओळखलं जाणारं हे गाव व्यापारी पेठ झालं ते या जागेमुळेच. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची. त्याच काळातल्या रट्ट राजा कार्तवीर्य चौथ्याच्या शिलालेखांत बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांचा उल्लेख सापडतो. रस्ता आधी होता, पेठ नंतर वाढली.

२. पी. बी. रोड म्हणजे नक्की काय?

पूना-बँगलोर रोड. इंग्रजी अमदानीतलं हे नाव आहे. बेळगावात ‘जुना पी. बी. रोड’ म्हणतात, हुबळीत आणि दावणगेऱ्यातही याच नावाचे रस्ते आहेत. तिन्ही ठिकाणचे तुकडे एकाच लांब रस्त्याचे. पूर्वी पुण्याहून निघालेली गाडी या प्रत्येक गावाच्या पोटातून जायची. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोन योजनेत महामार्ग चौपदरी झाला, मोठ्या गावांना बाहेरून वळसा मिळाला आणि गावातला तुकडा नुसता नावापुरता पी. बी. रोड उरला. मुंबई-चेन्नई ही त्या चतुष्कोनाची एक बाजू, म्हणून आपल्या भागात काम लवकर पोचलं.

३. आमचा हायवे एनएच-४ आहे की ४८?

दोन्ही एकच. २०१० साली देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. मुंबई-पुणे-बेळगाव-बेंगळुरू-चेन्नई हा चार नंबरचा रस्ता दिल्लीपासून येणाऱ्या मोठ्या रस्त्यात मिसळून ४८ झाला. खानापूर-अनमोडवरून पणजीला जाणारा ‘चार-ए’ ७४८ झाला. नव्या पद्धतीत उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम क्रमांक आणि पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम. तीन आकडी क्रमांकातले शेवटचे दोन आकडे मुख्य रस्ता सांगतात. म्हणजे ७४८ ही ४८ ची शाखा. जुन्या खरेदीखतात, भूसंपादनाच्या नोटिशीत ‘एनएच-४’ दिसलं तर घाबरू नका, जमीन तिथेच आहे. आशियाई महामार्गांच्या जाळ्यात याच रस्त्याला एएच-४७ म्हणतात, तोही फलक कुठे कुठे दिसतो.

४. रेल्वे येण्याआधी बेळगावचा माल कसा आणि कुठे जायचा?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आपल्या भागाचं समुद्राकडचं दार म्हणजे वेंगुर्ला. सतराव्या शतकात तिथे डचांची वखार होती. पुढे १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, छावणी वसली आणि छावणीचा दाणागोटा, दारूगोळा, कापडचोपड सगळं वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरून घाट चढायला लागलं. उलट दिशेने कापूस, मिरची, गूळ, तंबाखू. वर येताना मीठ, नारळ, सुकी मासळी. संकेश्वरच्या आठवडी बाजारात आजही मिरचीच्या ढिगाशेजारी सुक्या बांगड्याची टोपली दिसते, ती या देवघेवीचीच आठवण.

सुरुवातीला घाट ओलांडायचा तो पाठीवर माल घातलेल्या बैलांनी. लमाण तांडे शेकडो बैल घेऊन फिरायचे. बैलाच्या पाठीवर दोन बाजूंना गोण्या, गळ्यात घंटा, आणि पावसाळा सोडून वर्षभर चाल. या वाटेला गाडी लागत नाही, दोन बैल एकमेकांना ओलांडतील एवढी रुंदी पुरते. बेळगावहून कोकणात उतरणारी अशी मोठी वाट म्हणजे पारगडाच्या बाजूचा रामघाट. बेळगावच्या कॅम्पाच्या बाजूला अजून ‘रामघाट रोड’ आहे. रोज त्यावरून जाणाऱ्या किती जणांना हे नाव कुठल्या घाटाचं ते ठाऊक असेल?

मग चाकं आली. चाकाला चढ सौम्य हवा, वळण रुंद हवं, खाली खडी हवी. रामघाटाचा चढ गाडीला जड होता. आंबोलीच्या घाटातून बांधलेला गाडीरस्ता सोपा ठरला आणि वाहतूक तिकडे वळली. आंबोली हे गाव पुढे आलं तेच या वेंगुर्ला-बेळगाव रस्त्यावरचा मुक्काम म्हणून. थंड हवेचं ठिकाण वगैरे नंतर.

५. रेल्वे आल्यावर या रस्त्यांचं काय झालं?

वेंगुर्ला रस्त्याला मोठा फटका बसला. १८८७ मध्ये रेल्वे बेळगावात पोचली, लोंढ्याहून घाट उतरून मुरगाव बंदराला जाणारी लाईन १८८८ मध्ये सुरू झाली. चार-पाच मुक्कामांचा प्रवास एका दिवसावर आला. कापसाच्या गाठी स्टेशनाकडे वळल्या, वेंगुर्ल्याचं बंदर ओसरलं.

पण रस्ते मेले नाहीत, त्यांची दिशा बदलली. आधी सगळ्या गाड्या बंदराकडे तोंड करून चालायच्या, आता जवळच्या स्टेशनाकडे. निपाणी, संकेश्वर, चिकोडी यांना गावात स्टेशन मिळालं नाही. निपाणीचा तंबाखू बैलगाडीनेच रेल्वेपर्यंत जायचा आणि नंतर थेट ट्रकने. ज्या पेठा रेल्वेपासून लांब राहिल्या तिथे मोटारवाहतूक लवकर आणि जोमात रुजली. निपाणीतला ट्रकचा धंदा एवढा मोठा का, याचं उत्तर मला इथेच दिसतं.

६. जुन्या बैलगाडीच्या चाकावर लोखंडी पट्टी कशी बसवायचे? खिळे तर दिसत नाहीत.

त्या पट्टीला धाव म्हणतात. चाक लाकडाचं, बहुधा बाभळीचं : मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, आणि आऱ्यांच्या टोकांना जोडलेले गोलाईचे पुठ्ठे. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा जराशी लहान करायची. लोहार ती जमिनीवर आडवी ठेवून भोवती शेण्या रचायचा आणि पेटवून द्यायचा. लोखंड लाल होऊन पसरलं की दोघा-तिघांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायची. लाकूड चरचरतं, धूर होतो, तेवढ्यात घागरीने पाणी. लोखंड आकसतं आणि सगळे सांधे कचकन आवळले जातात. तो आवाज मी लहानपणी आमच्या गल्लीच्या टोकाला ऐकलेला आहे. चाक एका क्षणात घट्ट होतं, खिळ्याची गरजच पडत नाही.

रस्त्याच्या इतिहासात ही धाव फार महत्त्वाची. बोटभर जाडीची, अरुंद आणि भारी. ती रस्ता कापत जायची. मागची गाडी पुढच्या गाडीच्या त्याच खाचेतून चालायची. त्या खाचेला चाकोरी म्हणतात. आपण बोलण्यात चाकोरीबद्ध म्हणतो तो शब्द इथूनच आला. रबरी टायरची, ज्याला आपल्याकडे डनलॉप गाडी म्हणतात ती आली तेव्हा बैलाचं ओझं हलकं झालं आणि रस्त्याचंही. चिकोडी, अथणी, रायबागच्या उसाच्या हंगामात ती गाडी अजून कारखान्याच्या रांगेत दिसते.

७. खानापूरकडचे रस्ते तांबडे आणि अथणी-बैलहोंगलकडचे काळे असे का असायचे?

रस्ता बांधताना जवळ जो दगड आणि जी माती मिळेल ती वापरायची, म्हणून. खानापूर, जांबोटी, कणकुंबी हा जांभ्या दगडाचा पट्टा. तांबडा मुरूम दाबला की घट्ट बसतो आणि पाणी झिरपू देतो. पण पाऊस प्रचंड, त्यामुळे दरवर्षी वरचा थर वाहून जायचा. पूर्वेकडे बैलहोंगल, सौंदत्ती, अथणीला काळी कापसाची जमीन. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात. तिच्यावर नुसती खडी टाकली तर दोन पावसांत खडी गिळून टाकते. तिथे आधी मुरमाचा जाड थर, मग खडी असंच करावं लागतं. आजही डांबरी रस्ता तिकडे लाटांसारखा होतो तो कंत्राटदाराच्या चुकीइतकाच या मातीमुळेही.

डांबर येण्याआधीचा पक्का रस्ता म्हणजे हाताने फोडलेली खडी थर देऊन दाबलेली, मधोमध किंचित उंच, दोन्ही बाजूंना पाणी उतरेल अशी. ती खडी फोडली वडार समाजातल्या बायका-पुरुषांनी, रस्त्याच्या कडेला पालं ठोकून. इंग्रज इंजिनिअरांची नावं नोंदींत आहेत, या लोकांची नाहीत. रस्त्याचा इतिहास सांगताना त्यांचा उल्लेख गाळणं मला पटत नाही.

८. बेळगावात पहिली एसटी कुणाची? महाराष्ट्राची की कर्नाटकची?

दोघांचीही नाही. तेव्हा ही दोन्ही राज्यं या नावाने नव्हती. बेळगाव मुंबई राज्यात होतं आणि इथे सरकारी बस आली ती मुंबई राज्याच्या परिवहन सेवेची. तिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि मग सेवा राज्यभर पसरत गेली.

त्याआधी खासगी ‘सर्व्हिस मोटारी’ होत्या. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यापासून त्यांना मार्गाचा परवाना घ्यावा लागे. वेळापत्रक असं नव्हतं, गाडी भरली की सुटायची. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा गाडीच्या मागे कोळशाची भट्टी लावून तिच्या गॅसवर इंजिन चालवत. चढाला गाडी दमायची आणि माणसं उतरून चालायची. सुतगट्टीचा, तवंदीचा घाट असा पायी चढल्याच्या गोष्टी घराघरांत आहेत.

एक नाव इथे घेतलंच पाहिजे. मोटारींसाठी रस्ते कसे करायचे आणि पैसा कुठून आणायचा हे ठरवायला १९२७ मध्ये समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पेट्रोलवर जादा कर लावून तो रस्त्यांवरच खर्च करावा ही त्यांची शिफारस, आणि १९२९ मध्ये त्यातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला.

९. मग १९५६ मध्ये नेमकं काय बदललं?

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण चंदगड तालुका वगळून. चंदगड मुंबई राज्यातच राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. एका रात्रीत वेंगुर्ला रस्त्यावर, बेळगावपासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर, शिनोळीजवळ राज्याची हद्द आली. चंदगडच्या माणसाचा बाजार, दवाखाना, कॉलेज, सोयरीक बेळगावात. त्याची कचेरी कोल्हापुरात. रस्ता जिथल्या तिथे होता, जिल्ह्याचं तोंड फिरलं. आजही शिनोळीहून सकाळी बेळगावकडे येणारी गर्दी बघा आणि कोल्हापूरकडे जाणारी बघा.

बसचं म्हणाल तर मुंबई राज्याच्या या भागातल्या गाड्या आणि डेपो म्हैसूरच्या परिवहन खात्याकडे गेले. १ ऑगस्ट १९६१ ला म्हैसूर राज्य रस्ते परिवहन महामंडळ झालं. त्याच सुमाराला पलीकडे महाराष्ट्राचं महामंडळ आकाराला आलेलं, त्यामुळे काही वर्षं सीमेच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी आद्याक्षरं तीच : एमएसआरटीसी. १९७३ मध्ये म्हैसूरचं कर्नाटक झालं आणि हा घोळ मिटला. १ नोव्हेंबर १९९७ पासून आपल्या भागातल्या बस वायव्य कर्नाटक महामंडळाच्या, मुख्यालय हुबळी. चिकोडीला त्यांचा वेगळा विभाग आहे.

१०. महाराष्ट्राची लालपरी कर्नाटकात कोणत्या नियमाने येते?

एका राज्याचा बसपरवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. दुसऱ्या राज्याच्या परिवहन अधिकाऱ्याची त्यावर प्रतिस्वाक्षरी लागते. दरवेळी तसं करणं शक्य नसतं, म्हणून दोन राज्यं आपसांत करार करतात : कोणत्या मार्गावर कुणाच्या किती फेऱ्या आणि एकूण किती किलोमीटर. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ८८ यासाठीच आहे. म्हणून तुमच्या गावाला ‘पलीकडची’ एक फेरी वाढवून हवी असेल तर नुसतं डेपो मॅनेजरला निवेदन देऊन भागत नाही, फेरी करारात बसावी लागते.

११. तणाव झाला की बस सीमेवरच का थांबतात?

गाडीच्या काचा आणि चालक-वाहकाचा जीव वाचवायला. बस हे राज्याचं चालतं-फिरतं नाव आहे. पाटी, रंग, भाषा सगळं लांबून ओळखू येतं. म्हणून राग आधी तिच्यावर निघतो. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या नाक्याजवळ महाराष्ट्रातल्या ट्रकवर दगडफेक झाली, फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेवरून झालेल्या वादानंतर दोन्हीकडच्या फेऱ्या बंद पडल्या. अशा दिवशी कर्नाटकची बस कोगनोळीपर्यंत आणि महाराष्ट्राची कागलपर्यंत येते. मधला तुकडा प्रवाशाने रिक्षाने किंवा पायी तोडायचा. मी स्वतः हातात पिशव्या आणि सोबत म्हातारी आत्या असताना तो तोडला आहे. आत्या कोल्हापूरच्या डॉक्टरला दाखवून परत येत होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, “बाबा, रस्ता तर तोच आहे की.”

चंदगड बाजूला जाणाऱ्यांची अडचण वेगळी, ती प्रश्न ९ मध्ये आली आहे.

१२. वडाप म्हणजे काय आणि ते बेकायदा आहे का?

जीप, ट्रॅक्स किंवा टेम्पोत माणसं गोळा करून वाटेत चढवत-उतरवत नेणं म्हणजे वडाप. टप्प्याटप्प्याने प्रवासी घ्यायला स्टेज कॅरेजचा परवाना लागतो आणि बहुतेक वडापवाल्यांकडे तो नसतो, म्हणून कायद्याच्या दृष्टीने चूक. पण जिथे दिवसाला दोनच बस आहेत आणि बाजार दुपारी तीनला उठतो, तिथल्या माणसाला वडाप हीच सोय. मला त्या गाड्यांची दाटी आणि टपावरची माणसं बघून भीती वाटते. बस वाढल्या तर वडाप आपोआप कमी होईल असं माझं मत आहे.

१३. १९६१ च्या आधी बेळगावहून गोव्याला जाता यायचं का?

जायचं, पण परदेशात जावं तसं. गोवा पोर्तुगीजांकडे होता, सीमेवर झडती आणि कागदपत्रं. १९५५ मध्ये भारताने आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद झाल्या. लोंढा, खानापूरची गोव्यातली नातीगोती सहा वर्षं तुटल्यासारखी झाली. डिसेंबर १९६१ च्या मोहिमेत सैन्याची जमवाजमव बेळगावात झाली आणि एक ब्रिगेड पूर्वेकडून मोलेमार्गे फोंड्याच्या दिशेने गेली. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला आणि ही वाट पुन्हा वाहती झाली.

१४. गोव्याला आता अनमोडने जावं की चोर्ल्याने?

चोर्ला जवळचा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी असं पणजीला सुमारे १२५ किलोमीटर. खानापूर, लोंढा, अनमोड, मोले, फोंडा हा लांबचा, पण अवजड गाड्यांचा जुना रस्ता. त्याचं रुंदीकरण जंगलामुळे आणि कोर्टकचेऱ्यांत कित्येक वर्षं रखडलं. पावसाळ्यात दोन्हीकडे दरड आणि धुकं असतं. कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, पाऊस कसा कोसळतो हे एकदा बघितलं की गाडी आपोआप हळू चालवली जाते. निघण्याआधी त्या दिवशीची परिस्थिती विचारूनच निघा.

१५. पावसाळ्यात हायवे बंद पडतो तो नेमका कुठे आणि का?

निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेवर आणि कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेच्या पाण्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये महामार्ग जवळजवळ आठवडाभर बंद होता, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. नद्या एकट्या फुगत नाहीत. पुढे कृष्णा भरलेली असली की वेदगंगा, दूधगंगा, पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगवटा येतो आणि शेतं, गावं, रस्ता सगळं एका पातळीवर येतं. त्यात महामार्गाचा उंच भराव नदीच्या पसरायच्या जागेत आडवा.

हायवे बंद झाला की बातमी होते. पण चिकोडी-निपाणी भागातले बंधारावजा पूल जवळजवळ दरवर्षी बुडतात : कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ. समोर दिसणाऱ्या गावाला जायला वीस-पंचवीस किलोमीटरचा वळसा पडतो. दुधाची गाडी आणि शाळेची पोरं, दोघांची पंचाईत.

१६. बांधावर जुना कोरीव आकड्याचा दगड आहे. मैलाचा दगड कसा ओळखायचा?

आकड्यावर आधी बघा. जुन्या दगडांवर अंतर मैलांत कोरलेलं असतं. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि पुढच्या काही वर्षांत किलोमीटरचे दगड लागले. समजा तुमच्या दगडावर नुसता १२ आहे आणि जवळचं मोठं गाव साधारण एकोणीस किलोमीटरवर, तर तो मैलाचाच. आजच्या दगडांचा माथा रंगावरून ओळखा : पिवळा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा, केशरी गावरस्त्याचा. जुन्या दगडाला मात्र रंग लावू नका, कोरीव अक्षरं बुजतात. आणि सगळेच उभे दगड मैलाचे नसतात. कमरेएवढा, सूर्य-चंद्र कोरलेला दगड असेल तर तो दानाचा किंवा हद्दीचा, रस्त्याशी त्याचा संबंध नाही.

१७. जकात नाका, चेकपोस्ट, टोलनाका यांत फरक काय?

जकात गावात येणाऱ्या मालावर नगरपालिका घ्यायची. कर्नाटकात ती १९७९ मध्ये उठली, महाराष्ट्रातल्या महापालिकांत नंतरही बराच काळ होती, त्यामुळे एकाच ट्रकचालकाला दोन तऱ्हांचा हिशेब ठेवावा लागे. चेकपोस्ट राज्याच्या हद्दीवर, विक्रीकराचे कागद तपासायला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि करतपासणीचे ते नाके बंद झाले. टोल मात्र रस्ता वापरल्याचा. कोगनोळी, हत्तरगी, हिरेबागेवाडी हे आपल्या वाटेवरचे टोल, आणि फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा. कोगनोळीची ओळख अनेकांना कोरोनाच्या काळातली आहे : आरटीपीसीआरचा कागद नसेल तर तिथूनच परत.

१८. माझी गाडी एमएच-०९ पासिंगची आहे, राहायला बेळगावात. चालेल का?

काही काळ चालेल. कायद्याप्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी जिथली नोंद आहे तिथून फॉर्म २८ वर ना-हरकत घ्यायची, मग इथला कर भरायचा. बेळगाव केए-२२, चिकोडी केए-२३, बैलहोंगल केए-२४, गोकाक केए-४९. आता यातली मेख : शिनोळीत घर आणि बेळगावात दुकान असलेला माणूस रोज हद्द ओलांडतो, गाडी रात्री महाराष्ट्रातच उभी असते. त्याला हा नियम तसा लागू होत नाही, पण रस्त्यात अडवलं तर पटवून द्यायची जबाबदारी त्याच्यावर. राहण्याचा पुरावा गाडीत ठेवा.

१९. बायपासला शेतकऱ्यांचा विरोध का? रस्ता तर सगळ्यांनाच हवा असतो.

हलगा-मच्छे बायपासबद्दल हा प्रश्न हमखास येतो. ती जमीन येळ्ळूर, वडगाव, अनगोळच्या शिवारातली, पिकाऊ आणि पाण्याची. बेळगावच्या बासमतीचं नाव जिथून झालं ती. गुंठ्या-गुंठ्याने वाटलेल्या शेतातून रस्ता गेला की उरलेला तुकडा कसण्याजोगा राहत नाही, नुकसानभरपाई मात्र गेलेल्या गुंठ्यांचीच. शहरातली कोंडी खरी आहे, तरी पिकत्या शेताची किंमत फक्त चौरस फुटांत मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

२०. अजून रस्ता नसलेली गावं आहेत का?

आहेत. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या पोटात देगाव, गवळी, कृष्णापूरसारख्या वस्त्या आहेत. जंगलात पक्का रस्ता करायला परवानगी मिळत नाही. पावसाळ्यात आजारी माणसाला खुर्चीला किंवा बांबूला बांधून खांद्यावरून आणतात. जंगल राखायलाच हवं, आणि दवाखान्यापर्यंत पोचण्याचा हक्कही माणसाला हवा. यावर सोपं उत्तर माझ्यापाशी नाही.

२१. आमच्या गावावरून जुना रस्ता जायचा म्हणतात. तो जमिनीवर कसा शोधू?

उन्हाळ्यात, पिकं निघाल्यावर हिंडा. वडाची झाडं एका ओळीत, ठरावीक अंतरावर असतील आणि जवळ आजचा रस्ता नसेल, तर ती जुन्या रस्त्याची कड. ओढ्यावर चुन्यात बांधलेली छोटी दगडी मोरी बघा, तिच्या कठड्यावर कधी साल असतं. पायऱ्यांची विहीर आणि पडकी धर्मशाळा शेजारी शेजारी असली तर तो मुक्काम. मग महसुली नकाशा काढा. त्यात ‘गाडीवाट’ म्हणून दुहेरी तुटक रेघ असते आणि दोन शिवारांमधून ती कुठे निघते ते कळतं. गावातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला ‘जुना रस्ता कुठला’ असं विचारू नका, ‘तुमच्या लहानपणी बाजाराला कुठून जायचे’ असं विचारा. आमच्याकडे एका ऐंशी वर्षांच्या आजींनी हात करून दाखवलं तिथे उसाच्या फडात मोरी निघाली, मातीने अर्धी भरलेली. कठड्याच्या दगडावर धावेने घासून पडलेली खाच चार बोटं खोल होती.